गाडी लागली का?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

'पोलिंग' हा शब्द ऐकला की आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांना राज्यशास्त्राचा तास आठवेल. मतदानकेंद्र, रांग, बोटाला लावलेली शाई. गेल्या वर्षापर्यंत मलाही तेच आठवत असे. परंतु संगणकाच्या जगात या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. सांगितलेले काम झाले की नाही, हे ठरावीक अंतराने पुनःपुन्हा विचारत राहणे, याला तिथे पोलिंग म्हणतात. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. संगणकाशी माझा संबंध एका सहा महिन्यांच्या वर्गापुरता. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, याचे कारण असे की हे विचारणे मला नीट जमले नाही आणि त्यापायी आपल्या ग्रंथालयाचे साडेआठ हजार रुपये वाया गेले. ते कसे गेले हे सर्वांना कळावे आणि त्या निमित्ताने एका उपयोगी विषयाची ओळखही व्हावी, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

गोष्ट अशी. या वार्षिकाचे जुने अंक ग्रंथालयात एका लोखंडी कपाटात ठेवलेले आहेत. त्यांतील काहींची पाने हात लावताच तुटतात. ग्रंथपाल मॅडमनी ठरवले की सर्व अंकांच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांतील अक्षरे संगणकाकडून ओळखून घ्यावीत, म्हणजे लेखकाचे नाव किंवा विषय घालून हवा तो लेख शोधता येईल. त्यानंतर जीर्ण अंकांची नव्याने बांधणी करून घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनी या सगळ्यासाठी दहा हजार रुपये गोळा करून दिले. छायाचित्रे आम्ही पाच जणांनी मिळून काढली. अक्षरे ओळखण्याचे काम मात्र ग्रंथालयातील जुन्या संगणकाला झेपेना. एका अंकाला त्याला सबंध रात्र लागे. तेव्हा एक ताकदवान संगणक रोज संध्याकाळी तास-दीड तास भाड्याने घ्यावा असे ठरले. अशा भाड्याच्या व्यवस्थेलाच 'क्लाउड' म्हणतात.

क्लाउड म्हणजे ढग. पण ढगात काही नसते. जे असते ते जमिनीवरच, मोठमोठ्या इमारतींत ओळीने मांडलेल्या संगणकांत. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ च्या मार्चमध्ये माहिती साठवण्याची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि गूगल याच धंद्यात उतरल्या. मायक्रोसॉफ्टची भारतातील केंद्रे २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. आज आपण मोबाइलवरून तिकीट काढतो तेव्हा त्यामागे बहुधा असाच कुठला तरी भाड्याचा संगणक राबत असतो. आम्ही यांपैकी किंवा यांहून वेगळ्या कोणत्या कंपनीकडे गेलो हे सांगण्याची जरुरी नाही. चूक माझी होती.

संगणक भाड्याने घेणे हे सायकल भाड्याने घेण्याइतके सरळ नाही. सायकलवाला सायकल लगेच हातात देतो. इथे आपण विनंती पाठवतो आणि क्षणार्धात उत्तर येते ते एवढेच, की 'तुमची विनंती पोचली, हा तुमचा क्रमांक'. प्रत्यक्ष संगणक तयार व्हायला वेळ लागतो. मोकळी जागा शोधायची, साठवणीची व्यवस्था जोडायची, जाळ्यात त्याला पत्ता द्यायचा, मग तो सुरू करायचा. ही सारी कामे पडद्याआड चालू असतात. संगणकांच्या परस्पर संभाषणात या प्रकारच्या उत्तराला २०२ हा ठरलेला आकडा आहे. त्याचा अर्थ 'स्वीकारले'. 'झाले' असा त्याचा अर्थ नव्हे.

तर मग झाले हे कळायचे कसे? विचारून. आपला क्रमांक सांगून विचारायचे, 'याची स्थिती काय?' अ‍ॅमेझॉनच्या सेवेत संगणकाच्या अशा मोजक्या स्थिती ठरलेल्या आहेत: तयारीत, चालू, थांबत आहे, थांबला, बंद होत आहे, कायमचा संपला. आपल्याला हवी असते 'चालू' ही स्थिती. ती येईपर्यंत विचारत राहणे, हेच पोलिंग.

मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा एस. टी. स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवली. दर शनिवारी मी गावी जाते. खिडकीशी जाऊन विचारायचे, 'काका, आमची गाडी लागली का?' ते म्हणतात, 'अजून नाही.' बाकावर जाऊन बसायचे. थोड्या वेळाने पुन्हा जायचे. यात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले होते.

माझा पहिला प्रोग्राम तर विचारतही नव्हता. मी दोन-तीनदा घड्याळ लावून पाहिले, संगणक दीड मिनिटात तयार होत होता. म्हणून लिहिले, 'विनंती कर, दोन मिनिटे थांब, काम सुरू कर.' चार दिवस ठीक चालले. पाचव्या दिवशी संगणकाला तीन मिनिटे लागली आणि माझ्या प्रोग्रामने अजून न उघडलेल्या दारावर डोके आपटले. गाडी रोज सव्वापाचला लागते म्हणून डोळे मिटून सव्वापाचला फलाटावर चढायला जावे, तसा हा प्रकार. मग मी विचारण्याची पद्धत स्वीकारली आणि पहिला प्रश्न उभा राहिला: किती वेळाने विचारायचे?

उतावीळपणाने मी सेकंदाला पाच वेळा विचारण्याची आज्ञा लिहिली. आम्ही पाचही जण एकाच खात्यावरून काम करीत होतो, त्यामुळे विनंत्यांचा भडिमार झाला आणि पलीकडून संगणकाच्या स्थितीऐवजी निराळेच उत्तर येऊ लागले: फार विनंत्या होत आहेत, थांबा. यालाही ठरलेला आकडा आहे, ४२९. खिडकीशी एकच माणूस दर पाच सेकंदांनी येऊ लागला तर काका चिडतील ते चिडतील, शिवाय मागच्या रांगेतल्यांना विचारताच येणार नाही. सतत विचारल्याने गाडी लवकर येत नाही हे तर उघडच आहे.

यावर उपाय असा की दोन प्रश्नांमधले अंतर वाढवत न्यावे. पहिल्यांदा पाच सेकंद, मग दहा, मग वीस, चाळीस, आणि पुढे एक मिनिटाच्या वर जाऊ नये. काम लवकर झाले तर लवकर कळते आणि लांबले तर आपण उगाच त्रास देत नाही. शिवाय या अंतरात थोडी अनियमितता मुद्दाम मिसळावी. हजार प्रोग्राम एकाच क्षणी सुरू झाले आणि सगळ्यांनी नेमक्या दहाव्या, नेमक्या तिसाव्या सेकंदाला विचारले, तर दर वेळी एकदम गर्दी होणार. प्रत्येकाने दोन-चार सेकंद इकडेतिकडे केले की गर्दी पांगते.

या युक्तीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील ठिकाणे रेडिओने संगणकाला जोडली. दोन ठिकाणे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचेही संदेश बिघडत. तोडगा असा काढला की दोघांनीही गप्प बसावे आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावे. दोघांचे थांबणे सहसा सारखे नसते, म्हणून दुसऱ्या खेपेला वाट मोकळी मिळते. १९७३ पासून अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट' ही संगणक जोडण्याची पद्धत उभारली. तिच्यात त्यांनी हीच कल्पना पुढे नेली. पुनःपुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची कमाल मर्यादा दर वेळी दुप्पट करायची. आज क्लाउडला विचारणारे अनेक प्रोग्राम याच नियमाने वागतात.

दुसरा प्रश्न: कशाची वाट पाहायची? 'चालू' ही स्थिती दिसेपर्यंत, हे उत्तर अपुरे आहे. एखादे दिवशी संगणक तयार होताना बिघडतो आणि 'तयारीत'वरून थेट 'संपला' या स्थितीला जातो. माझा प्रोग्राम फक्त 'चालू' शोधत असता तर तो जन्मभर विचारत बसला असता. गाडी रद्द झाल्याची पाटी लागली आहे आणि आपण 'लागली का, लागली का' विचारतो आहोत! म्हणून ज्या स्थितीतून हवी ती स्थिती येणे शक्यच नाही, त्या स्थितींची यादीही जवळ ठेवावी लागते.

याच्या उलटही घडते. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत विनंती मान्य झाल्यावर लगेच विचारले तर कधी कधी उत्तर येते की असा संगणकच नाही. घाबरण्याचे कारण नसते. नव्या संगणकाची नोंद त्या प्रचंड व्यवस्थेत सर्वत्र पोचायला काही क्षण लागतात, एवढाच त्याचा अर्थ. इथे 'नाही' म्हणजे 'अजून नाही'. आणि 'चालू' दिसल्यावरही जरा धीर धरावा लागतो. संगणकाला वीज मिळाली आहे, पण आतली व्यवस्था अजून उभी राहत असते. गाडी फलाटावर लागली म्हणजे कंडक्टरने दार उघडले असे नव्हे. तेव्हा आपल्याला नक्की कोणती स्थिती पुरेशी आहे, हे आपल्या कामावरून आधी ठरवावे. आमच्या कामाला 'चालू' पुरेसे नव्हते. संगणकाने आमच्या निरोपाला उत्तर देणे आवश्यक होते.

तिसरा प्रश्न: कुठवर वाट पाहायची? याला मुदत लागतेच. विचारत राहण्याचे हे काम इतके नेहमीचे आहे की कंपन्या त्यासाठी तयार साधने देतात. पायथन भाषेतून अ‍ॅमेझॉनची सेवा वापरताना मिळणारे साधन संगणक 'चालू' होण्यासाठी दर १५ सेकंदांनी, जास्तीत जास्त ४० वेळा विचारते. म्हणजे दहा मिनिटे. डेटाबेस, म्हणजे माहितीचे कोठार, तयार व्हायला अधिक वेळ लागतो. तिथे दर ३० सेकंदांनी ६० वेळा, म्हणजे अर्धा तास. त्यानंतर साधन हात टेकते. मीही त्याच धर्तीवर दहा मिनिटांची मुदत घातली. मुदतीत संगणक तयार झाला नाही तर नवी विनंती करायची. अशा तीन विनंत्या निष्फळ ठरल्या तर नोंदवहीत लिहायचे, 'आज संगणक मिळाला नाही', आणि बंद व्हायचे.

वाचकहो, माझी चूक या परिच्छेदात येऊन गेली आहे. मला ती तेव्हा दिसली नाही. मॅडमना दिसली नाही. ज्यांना मी प्रोग्राम दाखवला त्या दोन मित्रांनाही दिसली नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी प्रोग्राम नेहमीसारखा सुरू झाला. त्या दिवशी काही कारणाने संगणक तयार व्हायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. माझ्या प्रोग्रामने दहा मिनिटे विचारले, मुदत संपली, दुसरी विनंती केली. पुन्हा दहा मिनिटे, पुन्हा मुदत संपली, तिसरी विनंती. अर्ध्या तासाने त्याने नोंद केली, 'आज संगणक मिळाला नाही'. ती नोंद मी गावी पोचल्यावर मोबाइलवर वाचली. म्हटले, राहू दे, दिवाळीनंतर पाहू. आणि आईला करंज्या करायला मदत करायला गेले.

ती नोंद खोटी होती. संगणक मिळाला होता, फक्त उशिरा. एक नव्हे, तीन. माझा प्रोग्राम निघून गेल्यावर काही मिनिटांनी तिन्ही संगणक एकामागून एक 'चालू' झाले आणि काम देणाऱ्याची वाट पाहू लागले. काम संपल्यावर संगणक बंद करण्याची आज्ञा प्रोग्रामच्या शेवटी होती. काम सुरूच झाले नाही, तर शेवट कुठून येणार? सतरा दिवस ते तिघे रिकामे चालू राहिले. सतरा दिवसांचे ४०८ तास, तीन संगणकांचे १२२४ तास, तासाला सात रुपये. एकूण ८५६८ रुपये. बिल मॅडमच्या स्वतःच्या कार्डावर गेले आणि ते निधीतून भरावे लागले.

मुदत संपली याचा अर्थ मी 'नाही' असा घेतला. खरा अर्थ होता 'मला ठाऊक नाही'. सारा घोळ एवढाच आहे. मुदत माझी होती. माझ्या विचारण्याची ती सीमा होती. पलीकडे चाललेल्या कामाला तिची खबरही नव्हती. कंटाळून मी स्टँडवरून घरी परतले म्हणून गाडी यायची थांबत नाही, आणि माझ्या नावाने आरक्षण असेल तर पैसेही कापले जातातच. आपण विचारणे थांबवले की जगात काही घडायचे थांबले, असे मी धरून चालले होते.

सुट्टीनंतर हे सांगायला मी मॅडमकडे गेले तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. माझ्या शिकवणीच्या पैशांतून दरमहा थोडे थोडे भरीन, असे म्हणाले. त्यांनी सगळे बिल शांतपणे पाहिले आणि विचारले, "अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे, ते तुला आता कळले आहे का?" मी म्हटले, "कळते आहे असे वाटते." त्या म्हणाल्या, "मग पैसे भरू नकोस. ते नीट लिहून काढ." हा लेख त्या आज्ञेतून झाला आहे.

तर काय करायचे, ते सांगते. एक, प्रत्येक विनंतीला आपली स्वतःची खूण द्यावी आणि पुन्हा विनंती करताना तीच खूण पाठवावी. बऱ्याच सेवांत अशी सोय असते. तीच खूण दिसली की पलीकडील व्यवस्था नवा संगणक न बनवता पहिल्याच विनंतीचे उत्तर पुन्हा देते. ही खूण मी वापरली असती तर तिनाऐवजी एकच संगणक उभा राहिला असता. दोन, मुदत संपल्यावर तसेच निघून जाऊ नये. ती विनंती रद्द करावी, आणि रद्द झाली याचीही खात्री करून घ्यावी. म्हणजे पुन्हा विचारणे आलेच. या वेळी हवी असलेली स्थिती 'संपला' ही असते. बंद करण्याची आज्ञा 'स्वीकारली' म्हणजे संगणक 'बंद झाला' नव्हे, हा २०२ चा धडा इथेही लागू आहे. तीन, रात्री एकदा आपल्या खुणेचे कोणकोणते संगणक चालू आहेत याची स्वतंत्र यादी मागवावी आणि ज्यांना मालक नाही ते बंद करावेत. चार, नोंद खरी लिहावी. 'मिळाला नाही' असे न लिहिता 'दहा मिनिटांत तयार झाल्याचे दिसले नाही. स्थिती अज्ञात' असे लिहावे. ही नोंद मी गावी वाचली असती तर करंज्या बाजूला ठेवून पुन्हा एकदा पाहिले असते, असे मला वाटते.

एक शंका अनेकांनी मला विचारली. आपण पुनःपुन्हा विचारण्यापेक्षा त्यांनीच का सांगू नये? स्टँडवर ध्वनिक्षेपक असतोच की. अशी सोय क्लाउडमध्येही आहे. स्थिती बदलली की निरोप येईल अशी व्यवस्था करता येते, आणि जिथे वाट लांबलचक असते तिथे ती सोयीची पडते. परंतु निरोप उशिरा येऊ शकतो, दोनदा येऊ शकतो, क्वचित हरवतो, आणि तो आला तेव्हा ऐकणारा प्रोग्रामच बंद असू शकतो. ध्वनिक्षेपकावर नाव ऐकल्यावरही आपण गाडीची पाटी वाचूनच चढतो ना? तसेच निरोप आल्यावरही शेवटी एकदा विचारून खात्री करणे चांगले.

आता ग्रंथालयाची सद्यःस्थिती. बिल भरून १४०० रुपयांच्या आसपास शिल्लक राहिले. अक्षरे ओळखण्याचे काम मुळात स्वस्तच होते, त्यामुळे ते त्या पैशांत पूर्ण झाले. सुधारलेला प्रोग्राम त्यानंतर महिनाभर चालला. त्या काळात दोनदा मुदत संपली आणि दोन्ही वेळा त्याने अर्धवट संगणक रद्द करून, तो संपल्याची खात्री करूनच दिवा मालवला. आता वाचनालयातील संगणकावर कोणत्याही जुन्या लेखकाचे नाव घालून लेख शोधता येतो. आमच्याच एका प्राध्यापकांनी विद्यार्थी असताना लिहिलेली कविता परवा अशी सापडली. त्यांनी ती कोणाला दाखवू नका असे बजावले आहे, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

बांधणी मात्र राहिली. तिचेच पैसे त्या तीन रिकाम्या संगणकांनी सतरा दिवसांत खाल्ले. जीर्ण अंक अजून सुतळीने बांधून त्याच लोखंडी कपाटात ठेवलेले आहेत. सुट्टीच्या दिवशी मामा कपाट उघडून कसर लागली नाही ना, ते पाहतात. मी त्यांना दर सोमवारी विचारते. ते म्हणतात, "अजून ठीक आहेत, ताई." मी पुढच्या सोमवारी पुन्हा विचारते.